चितपट नसलेली कुस्ती

आमच्या शाळेत कॉम्प्युटर लॅबच्या दारात चपला काढायचा नियम होता. धूळ आत येऊ नये एवढाच त्याचा हेतू. मुलं काढायची, मी काढायची, मुख्याध्यापक विसरायचे. पण चपला काढून झाल्यावर वाकून उंबऱ्याला हात लावणारा आणि तोच हात छातीला नेणारा माणूस मी एकच पाहिला. ते आमचे पीटीचे सर.

मला शाळेत लागून चार दिवस झाले होते. मधल्या सुट्टीत ते आत आले, सरळ कोपऱ्यातल्या सात नंबरच्या कॉम्प्युटरपुढे बसले आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या आदीच्या सरांनी सांगितलं असंल की."

मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

"एक वीसला मी येतो. एक चाळीसला जातो. तेवढी वीस मिनिटं ह्यो सात नंबर माजा. बाकी दिवसभर तुमचं राज्य."

त्यांनी परवानगी मागितली नव्हती, मला बातमी दिली होती. मी नवी होते, तेवीस वर्षांची होते आणि समोरचा माणूस दारातून आत येताना किंचित आडवा होऊन येत होता. मी बरं म्हटलं.

मान जवळजवळ नव्हतीच. खांद्यावर थेट डोकं ठेवल्यासारखं. दोन्ही कान मोडून घट्ट झालेले, मळलेल्या कणकेचे गोळे चिकटवावेत तसे. माझं माहेर विणकरांचं. घरी आम्ही तेलुगू बोलतो, सगळी गल्ली चादरी आणि टॉवेलांची, पैलवान कसा असतो ते मला जवळून ठाऊक नव्हतं. मला वाटलं, काही आजार असेल. पुढे त्यांनीच एकदा सांगितलं, "ह्ये आमचं सर्टिफिकेट. मातीत घासून घासून मिळतं. फ्रेम करावी लागत न्हाय." डावा गुडघा पुरता वाकत नसे. बसताना तो पाय ते टेबलाखाली लांब सोडायचे, आणि त्यासाठी सात नंबरचं सीपीयू कायमचं उचलून टेबलावर ठेवलेलं होतं.

तर हा माणूस रोज एक वीस ते एक चाळीस मारामारीचा व्हिडिओ गेम खेळायचा.

गेमचं नाव इंग्रजीत लांबलचक होतं. शाळेत सगळे त्याला फायटर म्हणायचे. आठ देशांचे आठ लढवय्ये, समोरासमोर उभे राहायचे आणि एकमेकांना बुकलायचे. माझ्या आधीच्या कुणीतरी कधीतरी तो त्या मशीनवर टाकून ठेवला होता. त्यातला भारताचा गडी बघण्यासारखा होता. डोक्यावर मोरपीस खोवलेला फेटा, गळ्यात मोत्यांच्या माळा, पायात टोक वळलेल्या मोजड्या. मागे संगमरवरी महाल आणि महालापुढे हत्ती. हा जिंकला की हत्ती सोंड वर करून ओरडायचा.

"मंगल कार्यालयाच्या दारात उबा करत्यात न्हवं, गुलाबपानी मारायला," सर पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "तसला दिसतोय बगा. ह्यो म्हणं भारताचा पैलवान!"

"मग दुसरा घ्या ना सर. सात आहेत अजून."

त्यांनी खेळ थांबवून माझ्याकडे पाहिलं. "आपल्या मानसाला आपन न्हाय घ्यायचं, तर कोन घेनार? त्यो जपानवाला घेनार हाय व्हय? पाव्हना हाय त्यो मॅडम. चुकीची कापडं घालून आला म्हनून काय दारातनं हाकलायचा?"

तेव्हापासून त्या गड्याचं नाव आमच्यात पाव्हणाच पडलं. सर कायम पाव्हण्यालाच घेऊन खेळायचे. आणि पाव्हण्याला त्यांनी कधी लाथ मारू दिली नाही. लाथेसाठी कीबोर्डवर वेगळं बटण होतं. त्याच्यावरचं अक्षर शेवटपर्यंत नवंकोरं राहिलं. पकडीच्या बटणावरचं मात्र पार पुसून गेलं होतं. समोरचा चिनी गडी हवेत गिरक्या घेत लाथा घालायचा, रशियन अस्वलासारखा अंगावर यायचा, आणि हा आमचा पाव्हणा फेटा सांभाळत त्यांच्या कमरेत शिरायला बघायचा. बहुतेक वेळा मार खायचा. पण कधीतरी पकड बसायची, समोरचा डोक्यावरून मागे जायचा, आणि सर खुर्चीतच उजव्या अंगाला झुकून डावाचं नाव घ्यायचे, "आली ढाक!"

डबा ते तिथेच खायचे. कडक भाकरी हाताने मोडून शेंगाची चटणी लावलेली. लॅबमध्ये खायला मनाई होती, तो नियम मीच भिंतीवर लावला होता. त्यांनी तो वाचला आणि म्हणाले, "बरोबर हाय. पोरं लई सांडत्यात." आणि भाकरी मोडली.

या खेळाबद्दल त्यांचं मत काय, हे अकरा वर्षांत मला एका वाक्यात सांगता आलं नाही. रोज खेळायचे आणि रोज शिव्या घालायचे. "भिकार खेळ हाय," हे त्यांचं एक चाळीसला उठतानाचं ठरलेलं वाक्य. पण दुसऱ्या कुणी तेच म्हटलं की त्यांना खपत नसे. एकदा गणिताचे सर काहीतरी छापायला लॅबमध्ये आले, पडद्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "काय सर, या वयात हा पोरखेळ?"

पीटीच्या सरांनी त्यांना शेजारी बसवून घेतलं. सलग पंधरा मिनिटं समजावलं. समोरचा पुढे सरकायच्या आधी त्याचा खांदा कसा किंचित खाली येतो, तो खांदा बघून कसं ठरवायचं, आपण आधी घुसलो तर काय आणि उशिरा घुसलो तर काय, एकदा वापरलेला डाव लगेच परत का टाकायचा नाही. गणिताचे सर गंभीर झाले. त्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये ते सगळ्यांदेखत म्हणाले, "नाही हो, फार विचारपूर्वक केलेला खेळ आहे तो."

"कशाचा विचार?" कोपऱ्यातून पीटीच्या सरांचा आवाज आला. "मातीत मोजड्या घालून उतरवलाय गडी, अन् म्हनं विचार!"

गणिताच्या सरांनी नंतर तो विषय कधीच काढला नाही.

एका वर्षी, परीक्षा संपून निकालाची कामं चालली होती तेव्हा, त्यांनी मला कंपनीला ईमेल लिहायला लावला. त्यांच्याकडे यादी तयार होती, पीटीच्या हजेरीच्या मागच्या पानावर. एकूण बारा चुका. मोजड्या. फेटा. माळा: "माळ घालून कुस्ती खेळला तर गळफास बसंल, जबाबदार कोन?" लंगोटावर चकचकीत पट्टा. सलामी न घेता लढाईला सुरुवात. हत्ती: "आखाड्यात हत्ती कुटं असतोय? त्यो फडात शिरला तर मानसं पळतील का कुस्ती बगतील?" मी प्रत्येक मुद्दा इंग्रजीत घालत होते, ते मागे उभे राहून विचारत होते, "कडक लिवलंय न्हवं? पन अपमान नको. त्येंचा बी खेळ हाय."

बारावी चूक सांगताना ते खुर्ची ओढून बसले.

"लिवा. कुस्तीत मानसाची पाठ मातीला लागली की कुस्ती संपली. चितपट. परत उटायचं न्हाय. तुमच्या खेळात मानूस पडतो, उटतो, परत पडतो, परत उटतो. पाठीला किंमतच न्हाय. ही सगळ्यात मोटी चूक हाय."

"सर, ही मान्य केली तर खेळ एका डावात संपेल."

"संपंल की."

"मग खेळायचं काय?"

त्यांनी हजेरीची वही मिटली. म्हणाले, "लिवा तुमी."

मी लिहिलं. अर्ध्या मिनिटात कंपनीचं उत्तर आलं: आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. हे मशीन आपोआप पाठवतं, माणूस वाचत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, त्याची प्रिंट काढून घेतली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "दखल घेतली बगा."

खेळाशी त्यांची पहिली गाठ कुठे पडली ते मला फार उशिरा कळलं. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत, पाळण्याच्या शेजारी एका तंबूत, या खेळाची मशीन मांडलेली असायची. त्या वर्षी सरांच्या हातात काठी होती आणि गुडघ्यावर पट्टा. कुस्ती सुटून आठ-नऊ महिने झाले होते. "पयल्यांदा बगितलं तवा राग आला मला," ते म्हणाले. "त्यो गडी तोंडावर पडला, पाठीवर पडला, डोक्यावर पडला, अन् उटून हुबा! मी म्हनलं ही लोकांची फसवनूक हाय. ह्येला कुनीतरी जाब इचारला पायजे."

"मग विचारला?"

"तीन तास हुबा ऱ्हायलो बगत. काठीवर. दुसऱ्या दिवशी परत गेलो."

इतकंच सांगितलं. काठी का होती ते सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. ते मला त्यांच्या बायकोकडून कळलं, तेही खेळाच्याच निमित्ताने.

झालं असं की त्या गेमची नवी आवृत्ती आली. सरांचा मुलगा पुण्यात नोकरीला. त्याने सुट्टीला येताना घरच्या टीव्हीला जोडायचं यंत्र आणि हा नवा गेम आणला. सरांनी मला रविवारी सकाळी घरी बोलावलं, "जानकार मानूस पायजे" म्हणून. वहिनींनी पोहे केले होते. मुलगा गेम लावून देऊन बाजारात गेला. आम्ही तिघं टीव्हीपुढे बसलो.

पडद्यावर पाव्हणा आला. मी क्षणभर ओळखलंच नाही. फेटा गेला होता. मोजड्या गेल्या होत्या. माळा नव्हत्या. अंगाला लाल माती लागलेली, साधा लंगोट, तोही नीट बांधलेला. मागे महाल नव्हता. मोकळं मैदान, भोवती बसलेली माणसं. लढाईच्या आधी त्याने वाकून माती उचलली आणि कपाळाला लावली. आणि त्याचे कान, मी सरांकडे बघून मग परत टीव्हीकडे बघितलं, त्याचे कान मोडलेले होते.

"सर! सगळं दुरुस्त केलंय की!"

सर गुडघ्यावर हात ठेवून पुढे झुकून बघत होते. वहिनी म्हणाल्या, "मला बगायला आलं हुतं तवा बी इतकं निरकून बगितलं नव्हतं ह्यांनी."

ते दोन डाव खेळले. ढाक लागली तेव्हा खरोखरच ढाक लागल्यासारखी लागली, मलासुद्धा कळलं. पाव्हणा जिंकला, हात वर करून शांत उभा राहिला. सरांनी हातातला कंट्रोलर खाली ठेवला.

"हत्ती काडला," ते म्हणाले.

"तुम्हीच काढायला सांगितला होता सर. यादीत सहावा होता."

"व्हय. चुकीचाच हुता त्यो." मग: "पन जिंकल्यावर वरडायचा बिचारा. आता कोन हाय ह्येच्या बाजूनं?"

ते उठले आणि शेंगा आणतो म्हणून बाहेर गेले. शेंगा घरात होत्या. वहिनी माझ्याकडे बघून हसल्या. मग हसू थांबवून म्हणाल्या, "मॅडम, ह्यांचं ह्यांनाच कळत न्हाय बगा, काय पायजे ते." आणि चहा ओतता ओतता त्यांनी मला ती गोष्ट सांगितली.

सरांचं गाव वैरागच्या पलीकडे. तिथल्या तालमीत ते आणि त्यांचा एक जोडीदार एकत्र वाढले. जोडीदार जेऊरकडचा, मामाकडे राहायला आलेला. एका ताटात जेवायचे. दोघांची कुस्ती लावायची नाही हे वस्तादांनी ठरवलेलं होतं. पण एका वर्षी जत्रेच्या फडात शेवटच्या कुस्तीचा परगावचा पैलवान आलाच नाही, लोक हटून बसले, आणि ही जोड लावली गेली. हलगी वाजायला लागली. वीस मिनिटं दोघं एकमेकांना हटेनात. मग जोडीदाराने डाव टाकला, सर खाली गेले, डावा पाय अंगाखाली राहिला आणि वर दोघांचं वजन आलं. गुडघ्याचा आवाज कडेला बसलेल्या माणसांना ऐकू आला म्हणे. पंचाने हात वर केला: चितपट.

"ह्ये म्हनत हुते पाठ लागली न्हवती. मातीत पडूनच वरडत हुते, पाठ लागली न्हाय, पाठ लागली न्हाय. पाय मोडल्याचं वरडत न्हवते, पाठीचं वरडत हुते." वहिनींनी कप माझ्यापुढे सरकवला. "त्यो मानूस तीनदा दवाखान्यात आला. ह्यांनी भितीकडं तोंड फिरवलं. त्येनं बी परत लंगोट लावला न्हाय म्हनं. तीस वर्सं झाली. लग्नाला न्हाय, मयताला न्हाय. नाव काडायचं न्हाय घरात."

सर शेंगा घेऊन आले. वहिनींनी दुसरा विषय काढला. दुसऱ्या दिवशी एक वीसला सर लॅबमध्ये हजर होते, सात नंबरवर, जुन्याच फेटेवाल्या पाव्हण्यापुढे.

आता जे सांगायचं आहे ते त्यानंतरच्या फेब्रुवारीतलं.

शिष्यवृत्तीचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते. ज्या मुलांच्या घरी सोय नाही त्यांच्या पालकांना मी लॅबमध्ये बोलावत होते. पालकाच्या फोनवर नंबर येतो, तो टाकल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. नववीतल्या एका मुलीचे आजोबा त्या दिवशी सकाळच्या गाडीने आले होते. मुलगी सोलापुरात मावशीकडे राहायची. फोन मात्र आजोबांच्या नावावर. मधल्या सुट्टीत ते दारात उभे राहिले. पांढरी टोपी, धोतर, हातात पिशवी. टोपीखाली दोन्ही कान मोडून घट्ट झालेले.

"मॅडम, अर्ज हितंच भरायचा न्हवं? जेऊरहून आलोय."

माझ्या मागे सात नंबरवर कीबोर्डचा आवाज चालू होता. तो बंद पडला.

मी वळून पाहिलं. सर पडद्याकडेच बघत होते. हात कीबोर्डवर होते, पण बोटं हलत नव्हती. पडद्यावर पाव्हणा नुसता उभा होता आणि चिनी गडी त्याला मारत होता.

इंटरनेट त्या आठवड्यात फक्त सहा नंबरवर नीट चालत होतं. मी काय करणार? आजोबांना सहावर बसवलं. सातच्या शेजारी. त्यांनी एकदा डावीकडे पाहिलं. त्यांनी सरांना ओळखलं हे मला आजोबांच्या हाताकडे बघून कळलं. पिशवी मांडीवर ठेवली होती, ती त्यांनी दोन्ही हातांनी धरली.

मी माहिती भरली, बटण दाबलं. फोनवर नंबर येईना. परत दाबलं. येईना. आम्ही तिघं वाट बघत बसलो. सरांनी खेळ पुन्हा सुरू केला होता, पण असे खेळत होते जणू हात दुसऱ्याच कुणाचे आहेत.

बऱ्याच वेळाने आजोबा पडद्याकडे बघत म्हणाले, "ह्यो कोन?"

सर खेळतच राहिले. मग मीच म्हटलं, "तो भारताचा पैलवान आहे, आजोबा."

"ह्यो? फेट्यावर?" ते पुढे झुकले. "अन् पायात काय घातलंय त्येनं? मातीत?"

"बारा चुका हायत," सर पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "कळवलंय कंपनीला."

तीस वर्षांनंतरचं ते पहिलं वाक्य.

आजोबांनी मान हलवली. "दोघास्नी खेळता येतंय व्हय ह्यात?"

"येतंय."

"कसं?"

सरांनी खुर्ची थोडी सरकवली. कीबोर्ड एकच होता. दोघांना खेळायचं तर एकाने डावी बाजू घ्यायची, दुसऱ्याने उजवी. आजोबा आपली खुर्ची घेऊन जवळ आले. दोघांचे खांदे रुंद, टेबल शाळेच्या मुलांसाठी केलेलं. खांद्याला खांदा भिडल्याशिवाय बसताच येईना. मला वाटलं आता एकजण उठेल. कुणी उठलं नाही.

सरांनी बटणं सांगितली. "ह्ये पुडं, ह्ये मागं, ह्यानं पकड." आजोबांनी ती ऐकली असतील असं मला वाटत नाही. लढाई सुरू झाली आणि त्यांनी दोन्ही पंजांनी कीबोर्ड हलगीसारखा बडवायला सुरुवात केली. त्यांचा गडी वेड्यासारखा उड्या मारू लागला, हवेत वळू लागला, जे डाव मी अकरा वर्षांत पाहिले नव्हते ते त्याच्या हातून निघू लागले. सर सावध होऊन खांदा बघत होते, वेळ साधत होते. अर्ध्या मिनिटात पाव्हणा उताणा पडला.

"ह्ये काय खेळनं झालं!" सर कडाडले. ते आजोबांकडे वळले होते, सरळ तोंडाकडे. "डाव न्हाय, पेच न्हाय, नुसतं बडवायलाय! भाकरी थापायलाय व्हय?"

"पडला न्हवं पन?"

"पडला! पडला म्हंजे काय झालं? ह्यो बग, उटला. तीन फेऱ्या असत्यात."

"उटतोय?" आजोबा थांबले. "पाठ लागल्यावर?"

"हितं पाठीला किंमत न्हाय."

पुढची फेरी सुरू झाली होती. दोन्ही गडी पडद्यावर जागच्या जागी डुलत उभे होते, दोघांच्याही मालकांचे हात कीबोर्डवर नव्हते.

आजोबांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. "तुजी लागली न्हवती त्या दिवशी," ते म्हणाले.

सर पडद्यावरच्या पाव्हण्याकडे बघत राहिले.

"मला ठाव हुतं. तुजा डावा खांदा वर हुता, माज्या हाताला लागत हुता. मी उटून पंचाला सांगनार हुतो. पन हलगी वाजत हुती. लोकांनी उचलून खांद्यावर घेतलं. वरनं बगितलं, तर तू मातीत वरडत हुतास. अन् मी वर." आजोबांनी मांडीवरच्या टोपीची घडी घातली. "दवाखान्यात तेवडंच सांगायला आलो हुतो. तीनदा आलो. तू भितीकडं तोंड केलंस."

बाहेर घंटा झाली. पुढचा तास सरांचा होता, आठवी ब, मैदानावर. अकरा वर्षांत त्यांनी एकही तास बुडवला नव्हता. तापात आले होते, मुलाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आले होते. मी हळूच म्हटलं, "सर, आठवी ब."

त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि माझ्याकडे न बघता माझ्या हातात दिली.

मी मैदानावर गेले. साठ मुलं रांगेत उभी होती. मला कवायतीतलं काही येत नव्हतं. मी शिट्टी वाजवली आणि म्हटलं, मैदानाला फेऱ्या मारा. मुलं खूश होऊन पळत सुटली. लॅबच्या खिडक्या मैदानाकडेच उघडतात. पहिल्या दोन फेऱ्या होईपर्यंत आतून काहीच ऐकू आलं नाही. मला काळजी वाटायला लागली होती. खिडकीपर्यंत जावं का, असा विचार करत होते.

मग सरांचा आवाज आला. मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्या मुलाला थांबवणारा त्यांचा आवाज.

"लागली हुती!"

"न्हाय लागली!" हा आजोबांचा.

"मला सांगतो व्हय? पाठ माजी हुती! पुरी लागली हुती, दोनी खांदं मातीत हुतं! तीस वर्सं मला ठाव हाय!"

"आरं मी वर हुतो! वरच्याला दिसतंय का खालच्याला?"

"खालच्याला लागती माती! तू जितला हुतास. सरळ जितला हुतास, कबूल कर!"

"न्हाय करत! जा!"

पळणारी मुलं एकेक करून थांबली आणि खिडकीकडे बघत उभी राहिली. आतून टेबल सरकल्याचा आवाज आला, खुर्ची पडल्याचा आला. मग दोघांचं एकाच वेळी बोलणं, कुणाचं काय ते कळेना.

मुख्याध्यापक ऑफिसमधून व्हरांड्यात आले. त्यांनी लॅबकडे पाहिलं, माझ्या हातातल्या शिट्टीकडे पाहिलं.

"मॅडम, आत भांडण चाललंय का?"

"हो सर," मी म्हटलं. "चालू द्या."

आणि मी शिट्टी वाजवून मुलांना पुढची फेरी मारायला लावली.